गेटवरचा हार

मी आधीच सांगून ठेवते, मला झाडाबिडांचं वेड नाही. बाल्कनीत एक तुळस आहे, ती सासूबाई जाताना माझ्या गळ्यात घालून गेल्या, म्हणून तिला पाणी मिळतं. तेव्हा ठाण्यात, बाळकुमच्या आमच्या कॉलनीच्या गेटवर जे झालं ते मी आपणहून सांगायला बसलेय म्हणजे त्यात काहीतरी होतं, एवढं समजून घ्या.

आमचे हे, विठ्ठल, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टर्नर होते. एकोणीस वर्षं एकाच लेथ मशीनवर. माणूस घरी आला तरी कान तिकडेच. "आज तिचा आवाज बरोबर नव्हता," हे जेवताना सांगणार. मी तापाने फणफणले तरी कपाळाला हात लावायचं यांना सुचायचं नाही, आणि मशीनच्या बेअरिंगला मात्र तासातासाला हाताची उलटी बाजू लावून बघायचे, किती गरम झालीय म्हणून. मी तिला सवतच म्हणायचे. शेजारणी पण विचारायच्या, "काय शकू, सवत बरी आहे ना तुझी?"

खंडेनवमीला तर विचारूच नका. आदल्या संध्याकाळी स्टेशनजवळून झेंडू आणायचे आणि हार स्वतः ओवायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. मी ओवलेल्या हारात म्हणे फुलं एका मापाची येत नाहीत. सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून कंपनीत जायचे, मशीन पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून नारळ फोडायचे. वर्षातून तेवढा एक दिवस ती मशीन बंद असायची, आणि हे तिच्यासमोर हात जोडून उभे राहायचे.

सत्त्याऐंशी साली दसऱ्याच्या आठ दिवस आधी कंपनीला टाळं लागलं. गेटवर कागद चिकटवला आणि झालं, खेळ खलास. आमच्या कॉलनीतले सहा जण त्या कंपनीत होते. गणू वगैरे मंडळी मोर्चे काढत होती, साहेबाच्या नावाने बोंबलत होती. हे घराबाहेरच पडत नव्हते. नवमीला मात्र हार ओवला आणि निघाले. मी म्हटलं, "अहो, आत कोण सोडणारेय तुम्हाला?" तोवर हे जिना उतरलेसुद्धा.

वॉचमनने सोडलं नाहीच. "दहा मिनिटं सोड रे, पूजा करून येतो," म्हणून यांनी त्याच्या विनवण्या केल्या. तो तरी काय करणार बिचारा, त्यालाही नोकरी होती. शेवटी हार गेटच्या सळीला बांधून हे घरी आले आणि खिडकीपाशी बसले. ते बसले ते बसलेच. पगार गेला, पुढे काय, यातलं अक्षर नाही. एकदाच म्हणाले, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिची पूजा राहिली." मी डबे करून देत होते, त्यावर चूल पेटत होती. पण हा धडधाकट माणूस समोर बसल्या बसल्या विझत चालला होता.

पंधरा दिवसांनी गणूने सांगितलं, गेटवरचा हार वाळलाय, वॉचमन झाडून टाकणार म्हणतोय. हे ताडकन उठले. हार सोडवून आणला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि खाडीकडे निघाले. निर्माल्य पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी स्वतः पंधरा वर्षं दर शनिवारी घरातलं निर्माल्य कशेळीच्या पुलावरून खाडीत टाकत आले होते. पण त्या दिवशी मी यांच्या मागोमाग गेले. यांचा चेहरा बघून पाण्यापाशी एकटं सोडायची माझी छाती झाली नाही, खरं सांगते.

खाडीच्या काठाला आवडामावशी बसली होती. बाळकुमच्या कोळीवाड्यातली, आमच्या कॉलनीत मासळी घेऊन यायची. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून शिवत होती. यांनी पिशवी वर उचलली तशी ती ओरडली.

"आरं थांब! काय टाकतंस?"

"देवाचा हार आहे, मावशी. मशीनचा."

"देवाचा हाय तर देवाच्या डोक्यावर टाक! माज्या जाल्यान कशाला?" मग माझ्याकडे वळली. "आन तू गो? तू पन टाकतंस ना पुलावरशी? पिशवीसकट, दोऱ्यासकट? तुमाला वाटतं खाडीन गेला म्हंजे देवाला पोचला. खाडीन काय नाय जात. माज्या घरवाल्याच्या जाल्यान जातं. काल मासली गावली नाय, झेंडू गावला! हे बघ!"

तिने जाळं आमच्यासमोर उलगडलं. बघते तर काय, जाळ्याच्या भोकाभोकात दोरे गुंतलेले. पांढरे दोरे, लाल दोरे, कुजकी फुलं, फाटक्या पिशव्या. सगळ्या ठाण्याची भक्ती तिच्या जाळ्यात येऊन बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातला एखादा दोरा माझ्या घरचाही असणार.

हे तिच्यासमोर खाली बसले आणि दोरे सोडवायला लागले. टर्नरची बोटं ती, एकही फास न तोडता एकेक दोरा बाहेर. तासभर बसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या हातांना काम मिळालं होतं. मावशीचा आवाज खाली आला.

"मग याचं करायचं काय, मावशी?" यांनी विचारलं.

"जमिनीला दे. आमी मासली धुतलेला पानी नारलीला घालतो, खराब सुकी मासली वांग्याच्या मुलाशी पुरतो. जमीन कवा नाय बोलत नाय." मग तिने पिशवीतल्या हाराचं एक फूल घेऊन तळहातावर मोडलं. आतून काळ्या काड्या बाहेर पडल्या, टोकाला पांढऱ्या, सुईएवढ्या. "पन आधी बी काढून ठेव. येवरी फुला खाडीन फेकता, आतमंदी काय हाय त्ये कुनी बघितलाय?"

यांनी ते बी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. "एका फुलात एवढं?" म्हणाले. अख्ख्या हाराकडे बघितलं, परत तळहाताकडे बघितलं. मीही बघत राहिले. जन्मभर झेंडू हाताळला, पण तो आत काय घेऊन बसलेला असतो ते कधी पाहिलं नव्हतं.

आता खरी करामत ऐका. दुसऱ्या दिवसापासून हे हातगाडी घेऊन वागळे इस्टेटमध्ये फिरायला लागले. ज्या कंपन्या चालू होत्या त्यांच्या मशीनींवरचे खंडेनवमीचे हार वाळून गेले होते, ते पोती भरभरून आणायचे. मी तर डोकं धरून बसले. टर्नर माणूस, ज्याच्या हाताखाली चार-चार हेल्पर होते, तो भंगारवाल्यासारखा गाडी ढकलत कॉलनीत शिरतोय! मी ओरडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग नाही.

पंपरूमच्या मागे ढीग रचला. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर फुलं, त्यावर माझ्या डब्यांच्या भाज्यांची सालं, त्यावर सुका पाला, आणि मध्ये मध्ये मावशीने आणून दिलेली खराब सुकी मासळी. हारांचे दोरे आधी ओढून काढून, धुऊन, गुंडाळी करून ठेवले. आणि गेटवरच्या त्या हाराचं बी घरात देव्हाऱ्याशेजारी, चहाच्या डब्यात.

आठवड्याभरात वास सुटला. आणि महिनाभर कॉलनीची कुरकुर ऐकून शेवटी महिपतराव आले. महिपतराव आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी. पोस्टातून रिटायर झालेले, बोलणं तिकिटासारखं जागच्या जागी चिकटवलेलं. ठाण्यातलं एक बागप्रेमी मंडळ दर नवरात्रात सोसायट्यांच्या फुलांच्या सजावटीची स्पर्धा घ्यायचं, आणि त्यात बक्षीस मिळवायचं हे महिपतरावांचं आयुष्यातलं एकमेव स्वप्न. आदल्या वर्षी त्यांनी नर्सरीतून पीटची पोती मागवली होती. पीट म्हणजे दलदलीच्या तळाशी कुजून कुजून झालेली काळी, भुसभुशीत माती, कुठून तरी लांबून येते. लोंबत्या कुंड्यांना आतून लावायला घाटातल्या झाडांवरून खरवडलेलं शेवाळ, आणि बाहेरून प्लॅस्टिक. एवढं करून रोपं महिन्याभरात माना टाकून बसली ती गोष्ट वेगळी.

"विठ्ठलराव," महिपतराव नाकाला रुमाल लावून म्हणाले, "देवाला वाहिलेली फुलं आणि मासळी, एका खड्ड्यात? आपल्याला काही वाटत नाही का हो? येत्या रविवारच्या आत हा ढीग इथून उचला. नाहीतर सोमवारी कचऱ्याची गाडी मी स्वतः बोलावणार आहे."

खरं म्हणजे मला आनंदच झाला. बरं झालं, म्हटलं, परस्पर सुंठीवाचून खोकला जातोय. शनिवारी सकाळी, हे उठायच्या आत, मीच फावडं घेऊन पंपरूमच्या मागे गेले. म्हटलं, आपल्याच हाताने उपसून टाकू, चार लोकांसमोर तमाशा नको.

डिसेंबर होता. खाडीवरून गार वारा येत होता. आणि ढिगातून वाफ निघत होती.

मी आधी घाबरले. वाटलं, कुणी बिडी टाकली, आग लागली. पण धूर नव्हता, वाफच होती, चहाच्या आधणावर असते तशी. फावडं बाजूला टाकलं आणि हात आत घातला. अगं आई गं! कोपरापर्यंत गरम. बाहेर अंगावर काटा येण्याएवढी थंडी, आणि आत कढत पाणी ठेवल्यासारखी ऊब. आणि वास? सडका वास कधीच गेला होता. मी हात बाहेर काढला, परत घातला. मला पटतच नव्हतं. खाली ना चूल, ना वीज. वाळकी फुलं आणि दुधीची सालं, बस्स.

मागे पाऊल वाजलं. हे उभे होते. फावड्याकडे त्यांचं लक्ष गेलं, ते त्यांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. पुढे आले, हाताची उलटी बाजू ढिगाच्या पोटात सरकवली आणि डोळे मिटून उभे राहिले, बेअरिंग तपासताना राहायचे तसेच.

"चालू आहे," ते म्हणाले.

"पण गरम करतंय कोण याला?" मी विचारलं, अगदी येडपटासारखं.

"कुणी नाही. मी रोज बघतोय. वर-खाली केलं की वाढतं, पाणी कमी झालं की उतरतं. पहिल्या शिफ्टला एकदा हलवतो, दुसऱ्या शिफ्टला एकदा." मग माझ्याकडे बघून हसले. दोन महिन्यांनी हसले हो! "मोटर नाही, मालक नाही. याला टाळं कोण लावणार, शकू?"

मला रडूच फुटलं. मी त्या ढिगावर हात ठेवून उभी होते, आणि त्या क्षणी मला तो ढीग देवळासारखा वाटला. हसायचं तर हसा.

रविवारच्या मीटिंगला यांच्याऐवजी मी उभी राहिले. माझ्या तोंडाला कॉलनीत सगळे घाबरतात, त्याचा कधी तरी उपयोग व्हायलाच हवा. बरोबर आवडामावशीला घेऊन गेले. महिपतरावांनी परत देव आणि मासळी काढल्यावर मावशी टोपली खाली ठेवून म्हणाली, "सायेब, आमची एकवीरा आई हाय ना, तिला आमी ह्याच हातानी फुला वाहतो. मासलीच्या हातानी. तिनं कवा नाक नाय मुरडला. तुमचा देव येवरा नाजूक हाय का?"

सगळे हसले. महिपतराव लाल झाले. मी म्हटलं, "महिपतराव, एक काम करा. तुमच्याकडे पीटचं एक पोतं उरलंय ना? एका कुंडीत तुमचं पीट, एका कुंडीत यांचं खत आणि माती. रोप एकच, पाणी एकच. होळीला बघू. तुमची कुंडी चांगली निघाली तर हा ढीग मी माझ्या डोक्यावर घेऊन उचलते."

हे मागून हळूच म्हणाले, "ट्रायल पीस." कंपनीत नवीन काम आलं की आधी एक नमुना काढून बघायचे, त्याला तसं म्हणायचे.

कुंडीपुरतं खत संक्रांतीलाच चाळून घेतलं होतं, होळीपर्यंत बाकीचंही तयार झालं. ढीग बसून कमरेएवढ्याचा गुडघ्याएवढा झाला होता. महिपतराव आले, मूठभर खत घेतलं आणि मासळीचा वास शोधायला लागले. एका नाकपुडीने, मग दुसऱ्या नाकपुडीने, मग अख्खं नाक मुठीत घालून. नाकाला काळं लागलं तरी शोधतायत. फूल नाही, साल नाही, काटा नाही, काहीच ओळखू येत नव्हतं. चहाच्या भुकटीसारखी काळी, मऊ माती. "यात ती सगळी पोती आहेत?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "आहेत." महिपतरावांनी ती मूठ परत ढिगावर ठेवली, टाकली नाही, ठेवली. कुंड्यांकडे बघायची गरजच पडली नाही. तरी मी बघायला लावलंच. पीटमधलं रोप बोटाएवढं आणि आमचं वितीएवढं.

"पीट तयार व्हायला हजारो वर्षं लागतात म्हणे," महिपतराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी ते एका सीझनमध्ये फेकून दिलं." त्यानंतर पीटचं नाव त्यांनी काढलं नाही.

श्रावणात यांनी चहाचा डबा उघडला. नारळाच्या शेंड्यांच्या वाट्या करून त्यांत खत भरलं आणि गेटवरच्या हाराचं बी पेरलं. चौथ्या दिवशी सगळ्या वाट्यांतून हिरवी टोकं वर आली. मी मोजायला गेले आणि तीनशेच्या पुढे सोडून दिलं. एका हारातून! महिपतरावांनी तर चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं.

सजावटीला काय वापरायचं ते यांनी आणि गणूने ठरवलं. विकत काही आणायचं नाही. आवडामावशीने कोळीवाड्यातून मोडक्या मासळीच्या टोपल्या दिल्या आणि फाटकी जाळी दिली. जाळ्यांच्या झोळ्या करून आत शेंडीचा काथ्या पसरला, शेवाळाची गरजच उरली नाही. टांगायला हारांचेच दोरे, पिळून जाड केलेले. टाळं लागलेल्या कंपनीतले सहाही टर्नर-फिटर रोज सकाळी कॉलनीच्या गेटवर जमायला लागले. आधी एकमेकांकडे बघायला लाजायचे, आता "अरे, लेव्हल बघ, लेव्हल!" म्हणून आरडाओरडा.

आणि अठ्ठ्याऐंशीच्या नवरात्रात ते फुललं. काय सांगू तुम्हाला! गेटच्या कमानीवर, भिंतीवर, खालच्या टोपल्यांतून झेंडूच झेंडू. मुठीएवढी फुलं, केशरी आणि पिवळी. सकाळचं ऊन पडलं की गेटकडे बघवायचं नाही. कोलशेतहून माणसं बघायला येत होती. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आपल्याच जुन्या टोपल्यांखाली उभ्या राहायच्या आणि गप्प व्हायच्या. कोळणी गप्प! मी पण रोज सकाळी डबे भरायचे सोडून दहा मिनिटं खाली जाऊन उभी राहायचे. वाळून गेलेलं, झाडून टाकायला निघालेलं, आणि आता हे असं.

परीक्षक नवमीला सकाळी दहा वाजता येणार होते. महिपतराव सात वाजताच इस्त्रीचा सदरा घालून गेटवर हजर. पिवळं पडलेलं एकेक पान खुडत होते. तेवढ्यात गणू सायकलवरून आला. धापा टाकत होता.

"विठ्ठल! मशीनी विकल्या रे! गेट उघडलंय, ट्रेलर लागलेत. तुझी लेथ बाहेर काढलीय. नऊ वाजता गाड्या सुटणार."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी बघितलं, यांची नजर कमानीवरच्या फुलांकडे गेली आणि लगेच खाली आली. त्या दिवशी बाजारात हार घ्यायला वेळ नव्हता. फुलं समोर होती, त्याच हाराची होती, पण ती कॉलनीची होती. तीन तासांनी परीक्षक येणार होते, आणि महिपतराव दहा वर्षं ज्याची वाट बघत होते ते आज मिळणार होतं, सगळ्यांना माहीत होतं. यांनी एका फुलालाही हात लावला नाही. "मी नुसता बघून येतो," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "नुसता बघून येतो? गेल्या वर्षीसारखं?" मी स्टुलावर चढले आणि कमानीच्या मधोमध, सगळ्यात मोठं फूल होतं ना, ते तोडलं.

"अहो, थांबा!" महिपतराव ओरडले.

मी वळले. आज सेक्रेटरीची गय करायची नाही असं मनाशी ठरवूनच वळले. महिपतराव खिशात हात घालून काहीतरी शोधत होते. कात्री काढली.

"हाताने ओरबाडू नका, पाकळ्या गळतात," ते म्हणाले. "मागे थोडा देठ ठेवा, ओवायला नीट पडतं." आणि कमानीची दुसरी बाजू त्यांनी स्वतः कापायला घेतली.

मग काय, सगळी कॉलनी धावली. झोळ्या सोडवल्या, त्यांचेच दोरे उलगडले, आणि गणूच्या भावाच्या टेम्पोत बसून आम्ही ओवत ओवत वागळे इस्टेटला निघालो. यांनी पहिल्यांदाच मला हाराला हात लावू दिला. फुलं एका मापाची होती का, ते मला विचारू नका.

ट्रेलरवर मशीन दोरखंडांनी बांधलेली होती. वर्षभराची धूळ आणि गंज चढलेला. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. एवढं तेवढं काहीतरी असेल असं वाटलं होतं, पण ती एखाद्या म्हशीएवढी अवजड आणि शांत होती. वॉचमन तोच होता. त्याने न विचारता बाजूला होऊन वाट दिली.

हे चाकावर पाय देऊन वर चढले. खिशातल्या रुमालाने तिचा पुढचा भाग पुसला, मग हाताची उलटी बाजू बेअरिंगवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

"थंड आहे," म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गेटला टाळं लागलं त्या दिवशी आलं नव्हतं, ते आज आलं.

मीही वर चढले. माझ्या पदरात घरून बांधून आणलेले मूठभर तांदूळ, नारळ आणि हळदकुंकवाची पुडी होती. हळदकुंकू लावलं. मग माझ्या सवतीची मी ओटी भरली. एकोणीस वर्षं माझं घर तिने चालवलं, आणि परक्या गावी निघालेल्या बाईला रिकामी कशी पाठवायची? यांनी हार घातला. एकाच्या पाठोपाठ एक, सहा जणांनी सहा मशीनींना घातले. ड्रायव्हर खाली उतरून चपला काढून उभा होता.

गाड्या सुटल्या. वळणावर दिसेनाशा होईपर्यंत आम्ही बघत होतो. नुसतं केशरी तेवढं दिसत होतं.

आमच्या गेटवर दहा वाजता परीक्षक आले तेव्हा तिथे नुसत्या रिकाम्या टोपल्या होत्या, आणि सेक्रेटरी जागेवर नव्हते. नंबर आला नाही. सेक्रेटरी तेव्हा वागळे इस्टेटच्या रस्त्यावर, इस्त्रीच्या सदऱ्यात, उकिडवे बसले होते. गाडी हलताना हारांतून गळून पडलेल्या पाकळ्या होत्या ना, त्या आमचे हे एकेक करून रुमालात वेचायला लागले होते. महिपतरावांनी थोडा वेळ बघितलं, मग तेही वेचायला बसले. "पायदळी नकोत," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर आम्ही तिघं पंपरूमच्या मागे गेलो. नवीन ढीग रचून पंधराच दिवस झाले होते. यांनी रुमाल झटकला, वर मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मी बांगड्या मागे सारल्या आणि हाताची उलटी बाजू आत घातली.

"चालू आहे," मी म्हटलं.